दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याखेरीज ती उघडत नाही. हा नियम चोरी होऊ नये म्हणून केलेला आहे, हे प्रशिक्षणातच शिकवतात. त्याचा आणखीही एक अर्थ निघतो, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही युगांडातल्या एका डॉक्टरविषयी वाचताना.

डॉ. मॅथ्यू लुक्विया हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. दूरदेशी जाऊन मृत्यू पावलेला डॉक्टर म्हटला की आपल्याला सोलापूरचे डॉ. कोटणीस आठवतात, आणि तेही पुष्कळसे व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे. लुक्विया तर कुठे गेलेच नाहीत. ते उत्तर युगांडाच्या किटगुमचे. गुलू गावाजवळच्या लाकोर रुग्णालयात १९८३ साली उमेदवारीसाठी आले, आणि तिथलेच झाले. मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये सुरू केलेले हे रुग्णालय पिएरो कोर्ती या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या कॅनेडियन शल्यविशारद पत्नी ल्यूसिल तीसडेल यांनी वाढवले. आपल्यानंतर हे कोण सांभाळणार, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लुक्विया. मध्यंतरी ते लिव्हरपूलला जाऊन उष्ण प्रदेशांतल्या रोगांचे शिक्षण घेऊन आले. तिथे राहता आले असते. राहिले नाहीत.

त्या भागात तेव्हा बंडखोरांचा धुमाकूळ होता. १९८९ च्या गुड फ्रायडेला ते रुग्णालयातल्या इटालियन नन्सना पळवून न्यायला आले, तेव्हा ‘त्यांच्याऐवजी मला न्या’ म्हणून लुक्विया पुढे झाले. डॉक्टरी डगल्यातच आठवडाभर ते रानोमाळ हिंडवले गेले आणि मग सुटले. पुढे रात्रीच्या आसऱ्यासाठी येणाऱ्या हजारो गावकऱ्यांना त्यांनी रुग्णालयाचे आवार उघडे करून दिले.

ऑक्टोबर २००० मध्ये ते कंपालाला मॅकेरेरे विद्यापीठात पुढची पदवी घेत होते. लाकोरहून सहकाऱ्याचा फोन आला की, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुली कसल्याशा विचित्र तापाने दगावत आहेत. ते तातडीने परतले. रात्र जागून त्यांनी रुग्णांचे कागद चाळले, पुस्तके धुंडाळली, आणि प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधीच हा इबोला असावा हे ताडले. बाहेरची तज्ज्ञ मंडळी पोहोचेपर्यंत वेगळा कक्ष सुरूही झाला होता. त्या कक्षात काम करायला त्यांनी स्वेच्छेने पुढे येणारी माणसे मागितली. ती मिळाली. डगला, मुखपट्टी, हातमोजे, बूट, डोळ्यांवर चष्मा असा जामानिमा करून परिचारिका आत जात. तरीही त्यांच्यातली माणसे मरू लागली.

नोव्हेंबरच्या अखेरीस धीर सुटला. एकाच दिवसात अनेक मृत्यू झाले, त्यांत रुग्णालयाची आपली माणसेही होती. शेकडो कर्मचारी परिचर्या शाळेच्या सभागृहात जमले आणि हा कक्ष बंद करा म्हणाले. लुक्वियांची चरित्रकथा सांगणारे या प्रसंगाला ‘बंड’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो. त्या परिचारिका काय चुकीचे बोलत होत्या? त्यांनाही लेकरे होती, आणि पगार तो असून असून किती असणार! लुक्विया तासन् तास त्यांच्याशी बोलत राहिले. ज्याला जायचे त्याने जावे, मी मात्र एकटा उरलो तरी थांबेन, आणि तुम्ही सगळे गेलात तर मीही हे गुलू कायमचे सोडीन, अशा आशयाचे ते बोलले. तासाभरात निकाली निघणारी ती सभा नव्हती. शेवटी माणसे कामावर परतली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी तीस वर्षे कुणाला सांगितलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झाले होते. मी तेव्हा त्या परिसरातल्या एका शाखेत अधिकारी होतो. आमचे गाव वाचले, पण शाखेच्या इमारतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. धक्के चालूच होते. फोन लागला तेव्हा वरिष्ठ कार्यालयातून आज्ञा आली की, ग्राहकांचे पैसे अडता कामा नयेत, बाहेर मांडव घाला, पण व्यवहार सुरू करा. आज्ञा योग्यच होती. लोकांना खरोखरच पैसे हवे होते, कुणाला औषधाला, कुणाला सरणाला. आमचा शिपाई एवढेच म्हणाला, “साहेब, फोनवरचे साहेब येणार आहेत का?” आम्ही हसलो. ते आले नाहीत.

पण मी त्यांना नावे का ठेवू? रोकड आत होती. रोखपाल माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, घरी दोन मुली. आत आम्ही दोघांनी जायचे होते. मी दारापर्यंत गेलो आणि माझी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी इथे लक्ष ठेवतो.” तो काही बोलला नाही. दोन्ही किल्ल्या घेऊन आत गेला, पाच-सात मिनिटांनी पिशव्या घेऊन आला. भिंत पडली नाही. त्या दिवसांच्या कामाबद्दल मला पुढे शाबासकीचे पत्र मिळाले.

२००१ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात लुक्वियांवर दीर्घ लेख आला होता. अमेरिकेतल्या भाच्याने कात्रण पाठवले. त्या सभागृहाचे वर्णन वाचताना मला ती किल्ली आठवली. ‘थांबा’ असे कुणालाही सांगता येते. मात्र ते ऐकायचे की नाही हे समोरची माणसे सांगणाऱ्याच्या पायांकडे पाहून ठरवतात. नन्सऐवजी बंडखोरांबरोबर चालत गेलेले पाय त्या परिचारिकांना ठाऊक होते.

म्हणून ते निर्दोष होते असे नव्हे. २० नोव्हेंबरच्या रात्री इबोला झालेला एक परिचारक भ्रमात खाटेवरून उठला. रक्त वाहत होते. कामावरच्या परिचारिकेने लुक्वियांना उठवले. ते धावले, सगळे अंगावर चढवले, फक्त डोळ्यांवरचा चष्मा राहिला. आठवड्याभरात ताप आला. ५ डिसेंबर २००० रोजी ते गेले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. लाकोरचे तेरा कर्मचारी त्या साथीत गेले, त्यांतले ते एक. युगांडात एकूण ४२५ जणांना लागण झाली, २२४ दगावले. ल्यूसिल तीसडेल शस्त्रक्रिया करताना एचआयव्हीची लागण होऊन १९९६ मध्ये गेल्या होत्या. रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या शेजारीच लुक्वियांना पुरले. त्यांनाही साथीचेच नियम लागू झाले. पेटी बंद, पुरणारे नखशिखांत झाकलेले, आणि बाकीचे सहकारी लांब उभे. ज्या माणसाच्या शब्दावर त्या थांबल्या, त्याला त्यांना शेवटचा हातही लावता आला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये आपण थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगणारेही आपणच. वैद्यकीय कर्मचाऱ्यांना ‘योद्धे’ म्हटले की डगले आणि मुखपट्ट्या वेळेवर का पोहोचल्या नाहीत, हे विचारायची सोय उरत नाही. योद्ध्याने मरायचेच असते! लुक्वियांना मी संत म्हणणार नाही तो याचसाठी. लाकोरच्या बाकीच्या बाराजणांची नावे तुम्हाआम्हाला पाठ नाहीत, आणि संतांच्या कथेत ती कधी येतही नाहीत.

परवा त्या रोखपालाला फोन केला. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते. किल्लीचे बोललो. “असू द्या हो साहेब,” म्हणाला. आठवत होते की नाही, कळले नाही. मग लुक्वियांची हकिकत सांगितली, मोठ्याने, दोनदा. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, “चष्मा का नाही घातला त्यांनी?”

“घाईत राहिला.”

“घाई कशाची?”

“पेशंट खाटेवरून उठला होता. मध्यरात्र उलटलेली. हाक आली, तसे उठून गेले.”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कुणीतरी दारात उभे राहून चष्मा द्यायला हवा होता.”