ट्रॅकची गाडी रस्त्यावर कशाला?

कॉलेजच्या ग्रुपवर एखादी रील येते. मागे जेवणाच्या टेबलाएवढी विंग, बॉनेटला दोन मोठ्या नाकपुड्या, दारांवर ठसठशीत अक्षरं. कुणीतरी लिहितं, "भाई, एक दिवस." त्याखाली पन्नास हृदयं पडतात. आपणही एक टाकतो. बहुतेक वेळा ती गाडी पोर्शे 911 जीटी3 आरएस असते, नाहीतर मॅक्लॅरेनची एखादी 'एलटी'. म्हणजे मुळात रस्त्यावरची स्पोर्ट्स कार, पण रेस ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून आणखी कडक केलेली.

आता यात बातमी काय? भारत आणि ब्रिटन यांच्यात 24 जुलै 2025 ला व्यापार करार झाला. त्यानुसार ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरचं 100 टक्क्यांहून जास्त असलेलं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं आणि ठरावीक कोट्यापुरतं 10 टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलंय. मॅक्लॅरेन, लोटस, अॅस्टन मार्टिन या सगळ्या तिकडच्याच. मॅक्लॅरेनचं मुंबईतलं शोरूम तर 2022 मध्येच उघडलं. त्यामुळे अशा गाड्या आपल्याकडे आणखी दिसणार, त्यांच्या रील्सही वाढणार आणि "घ्यायची तर ट्रॅकवालीच घ्यायची" हे वाक्य तुमच्या कानावर आणखी पडणार.

तुम्ही म्हणाल, आमच्या खिशात बसच्या पासाचे पैसे नाहीत, आम्हाला कुठे कोटींची गाडी घ्यायचीये? थांबा. हाच प्रश्न दोन-तीन वर्षांत तुमच्या पहिल्या बाइकच्या रूपानं दारात उभा राहणार आहे. तेव्हा आधी मोठ्या गाडीचा हिशोब करू, मग आपल्या.

मुळात ही भानगड आली कुठून?

1970 च्या दशकात पोर्शेला 911 घेऊन शर्यतीत उतरायचं होतं. नियम असा, की शर्यतीतली गाडी सामान्य ग्राहकालाही विकली पाहिजे आणि अशा किमान 500 गाड्या बनवल्या पाहिजेत. म्हणून ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या मोटार शोमध्ये 911 कॅरेरा आरएस 2.7 आली. आरएस म्हणजे 'रेनस्पोर्ट', जर्मन भाषेत मोटार रेसिंग. पाचशे गाड्या विकल्या जातील की नाही अशी धाकधूक होती. प्रत्यक्षात महिनाभरात त्या संपल्या आणि शेवटी आकडा गेला 1580 वर.

गंमत पुढे आहे. ही गाडी दोन प्रमुख अवतारांत मिळायची. एक 'स्पोर्ट', 960 किलोची, आतलं जे जे काढता येईल ते काढून टाकलेली. दुसरी 'टूरिंग', 1075 किलोची, नेहमीच्या 911 सारखी बसायला बरी. लोकांनी काय घेतलं? स्पोर्ट गेल्या 200 आणि टूरिंग गेल्या 1300 च्या आसपास. म्हणजे ज्या गाडीपासून हा सगळा प्रकार नावारूपाला आला, तिच्याही बहुतेक ग्राहकांनी पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर देऊन टाकलं होतं: नाव आरएसचं हवं, पण पाठ शाबूत ठेवून!

एका सेकंदाची किंमत

आता आजच्या आकड्यांकडे या. 992 पिढीची जीटी3 आली 2021 मध्ये, आरएस आली 2022 मध्ये. जर्मनीत जीटी3 ची सुरुवातीची किंमत होती 1 लाख 70 हजार 969 युरो आणि आरएसची 2 लाख 29 हजार 517 युरो. फरक साधारण साडेअठ्ठावन्न हजार युरोंचा.

एवढ्या पैशांत मिळालं काय? ताकद म्हणाल तर जीटी3 ची 510 पीएस आणि आरएसची 525. फक्त 15 ने जास्त. वजन म्हणाल तर आरएस 1450 किलो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची जीटी3 भरते 1435. हो, ट्रॅकवाली गाडी उलट जड आहे. टॉप स्पीड? जीटी3 ताशी 318 किलोमीटर, आरएस 296. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही कमी टॉप स्पीडची गाडी घेता. कागदावर बघून एखादा काका म्हणेल, "फसवलं रे तुला."

पण काका ट्रॅकवर गेलेले नसतात. खरी जादू आहे हवेत. ती मोठी विंग आणि गाडीखालून जाणारी हवा मिळून गाडीला जमिनीवर दाबतात. ताशी 200 च्या वेगाला हा दाब 409 किलोंचा असतो, 285 ला 860 किलोंचा. त्यामुळे टायर रस्त्याला चिकटतात आणि वळणावर जिथे दुसऱ्या गाडीला ब्रेक मारावा लागतो, तिथे ही तशीच निघून जाते. हीच विंग सरळ रस्त्यावर हवेला अडते, म्हणून टॉप स्पीड कमी. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या फेरीला जीटी3 नं 6 मिनिटं 59.9 सेकंद घेतले, आरएसनं 6 मिनिटं 49.3. फरक साडेदहा सेकंदांचा. दोन्ही वेळा स्टिअरिंगवर व्यावसायिक ड्रायव्हर होते.

भागाकार करा. एका सेकंदाला साधारण साडेपाच हजार युरो. रेस ड्रायव्हरच्या लेखी साडेदहा सेकंद म्हणजे वेगळं जग आहे. त्याच्यासाठी हा सौदा महाग नाही.

आपल्या रस्त्यावर त्या जादूचं काय होतं?

हवेचा दाब वेगाच्या वर्गानुसार वाढतो, हे तुम्ही फिजिक्समध्ये शिकलात. वेग निम्मा झाला की दाब पावपट होतो. समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा आहे ताशी 120. त्या वेगाला आरएसवरचा दाब उरतो अंदाजे 150 किलो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या सपाट पट्ट्यात मर्यादा 100, तिथे तो होतो अंदाजे 100 किलो. म्हणजे डिकीत तांदळाची चार पोती टाकल्यासारखं. फरक इतकाच की डिकी नाही! आरएसमध्ये पुढच्या डिकीची जागा रेडिएटरनं घेतलीये आणि मागची सीटही नाही. फोर्ड मस्टँग जीटीडीचंही तेच, तिथे मागची डिकी सस्पेन्शन आणि कूलिंगच्या सामानानं खाल्ली.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती कायद्यानं चालवलं तर जवळजवळ जागीच होत नाही. कायदा मोडून जागी करायला गेलात, तर समोर दूधवाला असतो, चुकीच्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर असतो, अंगणातून रस्त्यावर धावत आलेलं पोर असतं. ट्रॅकवर वळणाच्या बाहेर मोकळी जागा, खडीचा पट्टा आणि टायरची भिंत असते. रस्त्यावर तिथे माणसं असतात. या ठिकाणी हौस संपते आणि गुन्हा सुरू होतो. वेगात आलेल्या महागड्या गाडीखाली माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या शहरांनी वाचल्यात, त्यात वयानं तुमच्याएवढी मुलंही होती. गाडीखालीही आणि स्टिअरिंगवरही.

शिवाय रोजचे हाल वेगळेच. स्पीडब्रेकरला पोट घासणार. सस्पेन्शन कडक, त्यामुळे प्रत्येक खड्डा मणक्याला कळणार. ट्रॅकचे खास टायर गरम झाल्यावरच नीट धरतात आणि जुलैतल्या पाण्यानं भरलेल्या रस्त्यावर ते नकोसे होतात.

मग ट्रॅकवर न्यावी

बरोबर, उत्तर तेच. फक्त ट्रॅक कुठे आहे बघा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, 5.1 किलोमीटरचं, मुंबईहून साधारण 1400 किलोमीटर लांब. चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट 3.7 किलोमीटरचं, पुण्याहून 1200 च्या आसपास. कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे आणखी खाली. गाडी ट्रेलरवर न्यायची, ट्रॅकची फी, राहणं, पेट्रोल, दिवसभरात झिजणारे टायर आणि ब्रेक पॅड. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! त्यात आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यात झालेलं नुकसान धरत नाहीत. भिंतीला लागली तर खर्च आपला.

एवढं सगळं करून जो वर्षातून चार-सहा वेळा ट्रॅकवर जातो, त्यानं खुशाल घ्यावी. त्याला साधी स्पोर्ट्स कार खरंच कमी पडते. तासभर फेऱ्या मारल्या की तिचे ब्रेक तापतात, टायर हार मानतात. ट्रॅकवाली गाडी त्यासाठीच बनवलेली असते. आणखी एक गट आहे, ठेवणीतली म्हणून घेणाऱ्यांचा. मॅक्लॅरेननं 765एलटी कूपे फक्त 765 बनवल्या. अशा मोजक्या गाड्यांचे भाव टिकतात, कधी वाढतातही. 1973 च्या आरएसला आज मूळ किमतीच्या कैक पट भाव येतो. पण भाव टिकावा म्हणून जी गाडी चालवायचीच नाही, ती गाडी कसली? तो लॉकरमधला दागिना.

"हौसेला मोल नसतं" असं कुणी म्हणेल. मान्य. कुणाला ती स्टिअरिंगची थेट जाणीव, इंजिनचा 9000 आरपीएमपर्यंत चढणारा आवाज, सिग्नलला उभं असतानाही हवा असतो. त्याचे पैसे, त्याची मर्जी. फक्त त्याला 'वेगासाठी घेतली' म्हणू नये, एवढंच.

आता आपल्या बाइकचं बोलू

हाच खेळ दोन-तीन लाखांत तुमच्यासमोर मांडलेला आहे. यामाहाची आर15 आणि एमटी-15, दोघींचं 155 सीसीचं इंजिन एकच. टीव्हीएसच्या अपाची आरआर 310 आणि आरटीआर 310 चं मूळ इंजिनही एकच. फरक आहे बसण्याच्या पद्धतीत, फेअरिंगमध्ये आणि सेटिंगमध्ये. आरआर 310 ला तर कंपनीकडूनच रेस किट मिळतं: हँडल आणखी खाली, पाय आणखी वर आणि मागे. वळणावर झुकायला ते उत्तम. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये?

माझंच सांगतो. पहिल्या नोकरीच्या पगारावर हप्ते बांधून मी अशीच 'ट्रॅकवाली' बाइक घेतली होती. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. तीन महिन्यांत मनगटं दुखायला लागली, सहा महिन्यांत आईनं मागे बसायला साफ नकार दिला. दोन वर्षांत मी ट्रॅकवर गेलो शून्य वेळा. कारण हप्ता भरल्यावर ट्रॅकच्या फीला पैसेच उरायचे नाहीत. शेवटी विकली, तेव्हा कर्जाचे आठ हप्ते बाकी होते. बाइक चांगली होती, चूक माझी होती. मी बाइक घेतली नव्हती, रील घेतली होती.

आज घ्यायची झाली तर मी उलटं करेन. साधी भावंडं घेईन, वरच्या पैशांतून चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज घेईन आणि एकदा तरी ट्रॅकवरच्या ट्रेनिंगला जाईन. ब्रेक कधी सोडायचा, वळणावर नजर कुठे ठेवायची, हे एका दिवसात जे कळतं ते कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. चांगला रायडर साध्या बाइकवर नवख्याला रेस किटसकट मागे टाकतो, हे तुम्हाला तिथे पहिल्या तासात दिसेल. ट्रेनिंगचेही पैसे नसतील तर गो-कार्टिंगपासून सुरुवात करा. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची टीम गाठा. कारी स्पीडवेवर दरवर्षी फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिथे मुलं स्वतः बनवलेली रेस कार पळवतात. यापेक्षा जास्त 'ट्रॅक-फोकस्ड' काय असू शकतं?

घेण्याआधी स्वतःला विचारा

- येत्या वर्षात मी ट्रॅकवर नक्की किती दिवस जाणार? तारखा सांगता येतात का?
- हप्ता भरून ट्रॅकची फी, टायर, प्रवास यांना पैसे उरतात का?
- रोजच्या रस्त्यावर ही घेऊन मला त्रास होईल का? मागे बसणाऱ्याला?
- साधी आवृत्ती चालवताना तिची हद्द मला कधी लागलीये का?

चारही उत्तरं पक्की असतील तर घ्या, बिनधास्त घ्या. एकही डळमळीत असेल तर साधी घ्या आणि उरलेले पैसे शिकण्यात घाला. आणि त्या रीलवर हृदय टाकायला काहीच हरकत नाही. ते फुकट आहे.