टिटवीची अंडी आणि विजेचे कुंपण

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात टिट्टिभ दांपत्याची कथा येते. समुद्राकाठी अंडी घालण्याचे भय मादी बोलून दाखवते, नर फुशारकीने ते उडवून लावतो, आणि समुद्र अंडी घेऊन जातो. पुढे सारे पक्षी गरुडाकडे आणि गरुड विष्णूकडे गाऱ्हाणे नेतो; समुद्राला अंडी परत करावी लागतात. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या ‘कलीला व दिम्ना’ या अरबी ग्रंथात ही कथा गेली तेव्हा विष्णू गळाला, गरुडाच्या जागी अन्का हा अद्भुत पक्षी आला. परंतु पक्ष्याचे नाव मात्र ‘तीतवा’, म्हणजे आपल्या टिटवीच्या जवळचेच राहिले. ज्ञानेश्वरांनीही पहिल्या अध्यायात आपल्या साहसाला चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिट्टिभाचीच उपमा दिली आहे. ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण तर घरोघरीची आहे.

या साऱ्या परंपरेत टिटवीचा शत्रू समुद्र आहे. आज तसे म्हणता येणार नाही. उघड्या वाळूत घरटे करणाऱ्या सुरय, चिखल्या यांसारख्या पक्ष्यांची अंडी भरतीने जातात हे खरेच. परंतु त्याहून निकट असे शत्रू आहेत भटके कुत्रे, कोल्हे, कावळे, वाळूवरून धावणारी वाहने आणि माणसाचे पाऊल. या पक्ष्यांचे घरटे म्हणजे वाळूतली एक उथळ खळगी. अंड्यांचा वाळूसारखा रंग हेच त्यांचे मुख्य संरक्षण. आणि वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यापुढे रंगाचा काय उपयोग?

या अडचणीवर पाश्चात्त्य देशांनी योजलेला उपाय म्हणजे विजेचे कुंपण. इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या किनाऱ्यावर छोट्या सुरयांची वसाहत अशा कुंपणाने आणि राखणदारांनी सांभाळली गेली. या कुंपणातील यंत्र साधारणपणे दर सेकंदाला एकदा क्षणमात्र झटका सोडते. दाब हजारो व्होल्टचा, परंतु क्षण इतका अल्प की प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. कोरडी वाळू वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून जमिनीशी जोडलेली वेगळी तार कुंपणातच ओढावी लागते. खारे वारे जोडण्या गंजवतात. म्हणजे कुंपण घातले आणि काम संपले, असे होत नाही. शिवाय आकाशाला कुंपण नसते. यार्मथला पिल्ले उचलणाऱ्या केस्ट्रेल या छोट्या ससाण्यांना अन्यत्र खाद्य पुरवून त्यांचे लक्ष वळवावे लागले. अमेरिकेत १९८६ पासून कायद्याचे संरक्षण असलेल्या ‘पायपिंग प्लव्हर’ या चिखल्याच्या घरट्यांभोवती जाळीचे पिंजरे बसवले, तेव्हा अधिक अंडी फुटून पिल्ले निघाली. पण काही ठिकाणी पिंजरा म्हणजे भक्ष्य, हे शिकारी प्राणीही शिकले आणि अंड्यांवर बसलेले पक्षीच बळी गेले.

आपल्या कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाचे दोन नमुने आहेत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील सुरयांविषयी हुमायून अब्दुलअली यांनी १९४० व १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. तेथे समुद्र हेच कुंपण. कुत्रा व कोल्हा तेथे सहज पोचत नाहीत. दुसरा नमुना वेळासचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे समुद्री कासवांची अंडी गोळा करून जाळीच्या आवारात पुन्हा वाळूत पुरण्याचे काम गावकऱ्यांच्या साह्याने सुरू केले. परंतु कासवी अंडी घालून समुद्रात परतते, म्हणून ती अंडी हलवता येतात. पक्षी तीन-चार आठवडे अंड्यांवर बसतो. घरटे हलवले तर तो ते सोडण्याचाच संभव अधिक. तेव्हा येथे अंडी कुंपणात नेता येत नाहीत, कुंपणच अंड्यांपाशी न्यावे लागते. आणि खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ते कुंपण ज्या वाळूवर उभे राहील, ती वाळू रिकामी नाही. तेथे रापण ओढली जाते, जाळी व मासळी वाळत घातली जाते.

कुंपण हा शब्द आपल्याकडे निष्पाप नाही. सध्या माझा मुक्काम बेंगळुरूच्या इंदिरानगरात आहे. येथे काही घरांच्या आवारभिंतींवर विजेच्या तारा दिसतात. त्यांचा अर्थ मालकी, एवढाच. याच कर्नाटकात हत्ती अडवण्यासाठी सौर कुंपणे आहेत, आणि सुळ्यांतून वीज वाहत नाही हे ओळखून हत्ती त्या तारा सुळ्यांनी तोडतात. वीजवाहिनीतून थेट प्रवाह सोडलेल्या बेकायदा तारांनी येथे हत्ती मेले, विदर्भात वाघ मेले, दोन्हीकडे माणसेही मेली. तारेत किती वीज आहे हे पाहणारा कोणी नसला, की राखणीचे साधन फासाचे होते.

यावरून कुंपण नकोच, असा निष्कर्ष मी काढत नाही. ‘शिकारी प्राणीही निसर्गच, आपण मध्ये का पडावे?’ हा आक्षेप वरवर उदात्त वाटतो. परंतु मासळीची घाण आणि पर्यटकांचे उष्टे यांवर पोसलेले कुत्रे व कावळे ही निसर्गाची नव्हे, आपली निर्मिती आहे. आपण आधीच मध्ये पडलो आहोत. म्हणून जेथे वसाहत खरोखर आहे तेथे, विणीच्या काळापुरते, छोटे, प्रमाणित यंत्रावर चालणारे कुंपण जरूर घालावे. त्याची जागा रापणकरांशी बोलून ठरावी, त्याची राखण गावातल्याच माणसाला वेतन देऊन सोपवावी, आणि किनाऱ्यावरची घाण त्याआधी उचलली जावी. पिल्ले उडाली की तार गुंडाळली गेली पाहिजे. पक्ष्यांच्या नावाने घातलेले कुंपण हंगामानंतरही उभे राहिले, तर पुढील वर्षी त्याआड एखादे विश्रामगृह उभे राहणार नाही, याची हमी कोण देईल? कुंपणच शेत खाते, हे सांगायला आपल्याला परदेशी ग्रंथांची गरज नाही.

पंचतंत्रातील टिटवीला अंडी परत मिळाली ती भिंत बांधून नव्हे. तिचे गाऱ्हाणे सर्व पक्ष्यांनी आपले मानले, आणि ते ऐकणारा कोणीतरी होता. किनाऱ्यावरील विजेच्या तारेचे मोल त्या ऐकण्यावर अवलंबून आहे. ते नसेल तर यंत्र महिनाभर टिकटिकत राहील, आणि गंजलेल्या तारेखालून कुत्रा निर्धास्त आत जाईल.