आईची सही आणि राज्याची सीमा

जुळे सोलापुरातून विजापूर रस्त्याने निघून भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू होते. पोटासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ही सीमा ओलांडीत आली. त्यांना कोणी अडविले नाही. परंतु अविवाहित स्त्री आपल्या मुलाचा हात धरून तीच वाट चालू लागली, की शाळेच्या कारकुनापासून घरमालकापर्यंत सर्वांना एकच प्रश्न सुचतो : बापाची संमती कोठे आहे?

हा प्रश्न कायद्याचा नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ ने विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक माताच मानली आहे. पिता तिच्यानंतर येतो. न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याला त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये, हे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे बंधन न्यायालयाने नेमलेल्या पालकावर आहे. या मातेवर नव्हे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असा निर्वाळा दिला, की अविवाहित मातेला पालकत्वाच्या अर्जात पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला दिला पाहिजे.

कायद्याचे हे औदार्य नव्हे. विवाहितेच्या मुलावर त्याने पहिला हक्क पित्याचा ठेवला; अविवाहितेचे मूल मात्र तिच्या एकटीच्या पदरात टाकले. मालमत्तेचा वारस हवा तेथे बाप पुढे, जबाबदारी आली तेथे आई पुढे! आणि आता तीच आई कामाच्या शोधात निघाली, तर समाजाला बापाची आठवण होते.

पित्याच्या हक्काचे काय, असे विचारले जाईल. मुलाच्या हिताची ज्याला खरोखर चिंता आहे, त्याला न्यायालयाचे दार बंद नाही. तेथे मुलाचे हित हीच कसोटी आहे. त्याच न्यायालयात त्याच्याकडून मुलाची पोटगीही मागता येते. पण बापाने न मागितलेला हक्क त्याच्या वतीने कारकुनाने का बजावावा?

अडवणूक केवळ मनोवृत्तीची नाही, अर्थव्यवस्थेचीही आहे. भांडवलाला राज्याची सीमा नसते, साहाय्याला असते. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेने कुटुंबातील एकाच अविवाहित स्त्रीला स्थान दिले. अविवाहिता म्हणजे कोणाच्या तरी घरातील मुलगी, ती स्वतः कुटुंबप्रमुख असू शकते, हे शासनाला सुचलेच नाही. श्रम कोठेही विका, आधार मात्र मागे ठेवून जा, असा हा न्याय आहे.

कार्यकर्त्यांनी सहानुभूतीवर थांबू नये. अशा मातेबरोबर शाळेत व कचेरीत जावे, बापाची सही कोणत्या नियमान्वये मागता हे लेखी विचारावे. वास्तव्याच्या अटी रद्द करण्याची आणि कामाच्या ठिकाणी पाळणाघरांची मागणी एकत्रच मांडावी. घटनेच्या कलम १९ ने देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. कडेवर मूल आहे म्हणून ते कमी होत नाही.