आधी विचारा, ‘कुणाला बोलावू?’

तळेगावच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आहे, असे समजा. घर दूर मराठवाड्यात, मुक्काम भाड्याच्या खोलीत. एका रात्री तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागतो. खोलीतला मित्र १०८ला फोन करून त्याला रुग्णालयात आणतो. तिथे प्रश्न येतो, ‘तुम्ही नात्यातले कोण?’ ‘मित्र’ म्हटल्यावर उत्तर मिळते, ‘मग बाहेर थांबा.’

गेले पंधरा दिवस तो नीट जेवलेला नाही, रात्र-रात्र जागतो, कर्जवसुलीच्या फोनने हादरला आहे, हे फक्त त्या मित्राला ठाऊक असते. नेमका तोच दाराबाहेर उभा राहतो.

आता उलट चित्र पाहा. आंदर मावळातल्या एखाद्या गावातून सुनेला घेऊन जीपभर माणसे येतात. सासू आणि नवऱ्यासमोर ‘काय झाले?’ असे विचारले, तर ती ‘चक्कर आली’ एवढेच सांगणार. त्रासाचे मूळ घरातच असेल, तर ते बाहेर यायचे कसे?

एकीकडे हवा असलेला माणूस बाहेर, दुसरीकडे नको असलेला आत. दोन्हीकडे चूक एकच. रुग्णाला कुणी विचारलेलेच नसते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याची वाट दाखवली आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असे नाही, मित्रही चालतो. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असेल, तर त्याची संमती घ्यायची असते.

गोपनीयतेचा मुद्दा रास्त आहे. पण ती डॉक्टरांच्या सांगण्यावर मर्यादा घालते, ऐकण्यावर नाही. रुग्णाची माहिती न देताही मित्राचे म्हणणे ऐकता येते.

जवळच्या माणसांना उपचारात घेणे आपल्याकडे नवे नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून कुटुंबांना रुग्णांसोबत राहू दिले होते.

मावळ-लोणावळ्यातल्या लहान रुग्णालयांना यासाठी नवी इमारत लागत नाही. रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोला आणि ‘कुणाला बोलावू?’ असे विचारा. सोबत आलेल्यांचे वेगळे ऐकून घ्या. घरी सोडताना, रुग्णाच्या संमतीने, त्याच माणसाच्या हाती कागद द्या: पहिले काही दिवस एकटे सोडू नका, घातक वस्तू दूर ठेवा, औषधे कुणी सांभाळायची, पुढची तपासणी कधी. त्यावर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही लिहा, तिथे विनामूल्य, चोवीस तास बोलता येते.

मध्यरात्री तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ मिळेलच असे नाही, आणि येरवड्याचे मनोरुग्णालय दूर आहे. अशा वेळी हाताशी असतो तो सोबत आलेला माणूस. त्याला दाराबाहेर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.