रंगाचे जनुक आणि पट्टेरी मासोळी

आपल्या समाजाच्या विवाहविषयक सूचना चाळताना 'गोरी', 'उजळ', 'निमगोरी', 'गव्हाळ' हे शब्द आढळले नाहीत, असा महिना आमच्या स्मरणात नाही. पिढ्यानुपिढ्या परप्रांतात राहून आपण भाषा जपली, सण जपले, देवघर जपले. त्यांच्यासोबत रंगाचा हा मापदंडही तितक्याच निष्ठेने जपला. या शब्दांचा करंगळीहून आखूड अशा एका मासोळीशी निकटचा संबंध आहे, असे म्हटल्यास वाचकांना नवल वाटेल. आज तिचाच परिचय करून देण्याचा आमचा मानस आहे.

हिला झेब्रा-मासा म्हणतात. लांबी तीन ते चार सेंटिमीटर, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत निळसर काळे पट्टे. नाव परदेशी असले, तरी मासोळी मूळची आपल्याच उपखंडातील. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील ओहोळ, तळी आणि भातखाचरे हे तिचे माहेर. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. पुढे शोभेचा मासा म्हणून ती काचेच्या पेट्यांतून पश्चिमेकडे पोहोचली.

तिला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी त्यांना पाठीचा कणा असलेला, पण सांभाळण्यास सोपा असा प्राणी हवा होता. या मासोळीची मादी एका वेळी शेकड्याने अंडी घालते. अंड्यांची वाढ आईच्या शरीराबाहेर होते, आणि गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. एका दिवसात हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि तीन महिन्यांत ते स्वतः प्रजननक्षम होते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत गर्भाचे हृदय घडताना पाहावयास मिळणे, हे संशोधकांच्या दृष्टीने मोठेच भाग्य होय. १९८१ साली स्ट्राइसिंगर यांचा या माशांवरील महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. २०१३ साली या मासोळीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसून आले की, मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे निदान एक तरी भावंड तिच्यापाशी आहे. हृदयविकार, कर्करोग, स्नायूंचे आजार यांच्या अभ्यासासाठी आज जगभर तिचा आधार घेतला जातो, तो या नात्यामुळेच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या माशांत फिकट पट्ट्यांचा एक प्रकार आढळतो. त्यास संशोधक 'सोनेरी' म्हणतात. स्ट्राइसिंगर यांनीही तो आपल्या प्रयोगांत वापरला होता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी येथे कीथ चेंग या कर्करोग-संशोधकाच्या चमूने त्याचा माग काढला. त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्याच्या सूक्ष्म कणांवर अवलंबून असतो. सोनेरी माशात हे कण संख्येने कमी, आकाराने लहान आणि फिकट असतात, कारण त्याचे एक जनुक निकामी झालेले असते. माणसात हेच जनुक आहे काय, याचा शोध घेतला तेव्हा ते सापडले. मानवी जनुकाचा संदेश सोनेरी माशाच्या गर्भात टोचताच त्याच्या अंगावर गडद रंग उमटला! कोट्यवधी वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या दोन घराण्यांची किल्ली एकाच कुलपास चालावी, तसेच हे झाले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले.

युरोपीय लोकांत या जनुकाच्या लेखनात एका अक्षराचा बदल बहुतेक सर्वांत आढळतो. युरोपीय आणि आफ्रिकी यांच्या वर्णातील अंतराचा सुमारे २५ ते ३८ टक्के भाग या एका अक्षरामुळे पडतो, असा त्या चमूचा अंदाज होता.

आपल्याकडे काय? हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांचे देशी-विदेशी सहकारी यांनी भारतातील अनेक समाजांची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. हाच बदल आपल्या देशातही आहे. उत्तरेकडे अधिक, दक्षिणेकडे कमी. शिवाय युरोपीयांतील बदल आणि आपल्यातील बदल यांचे उगमस्थान एकच, हजारो वर्षांपूर्वीचे.

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. दोघांपाशीही हा बदल एकेका प्रतीत असेल, तर चार अपत्यांपैकी सरासरीने एकास दोन्ही प्रती, दोघांस एक, आणि एकास एकही मिळत नाही. रंगावर परिणाम करणारी आणखी जनुके आहेतच, शिवाय ऊनही आहे. एकाच आईच्या दोन लेकींपैकी एक उजळ आणि दुसरी सावळी का, याचे उत्तर हे आहे. त्यात ना कुळाचा दोष, ना गरोदरपणी केशर घातलेले दूध न घेतल्याचा.

हे जाणून घेण्याचे एक तातडीचे कारणही आहे. गोरेपणाच्या हव्यासापायी मुली नाना प्रकारची मलमे चेहऱ्यास चोळतात. त्यांपैकी काहींत पारा असतो, आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडास इजा करतो. डब्यावर घटकांची नावे नसतील, तर असे मलम घरात आणू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मेलॅनिन हे तर प्रखर उन्हापासून कातडीचे रक्षण करणारे निसर्गाचे छत्र होय. ते मोडून काढण्यासाठी पैसे मोजावेत, हे शहाणपणाचे नव्हे.

ज्या समाजाचे आराध्य दैवतच सावळे आहे, त्याने सावळ्या लेकीला उणे लेखावे, ही विसंगती आमच्या मनाला सलते. एका अक्षराच्या फरकावर कोणाचे शील, बुद्धी वा संसाराची पात्रता ठरत नाही. यापुढे सूचना लिहून पाठविताना वर्णाचा रकाना मोकळा सोडावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. त्या जागी मुलीचे शिक्षण, तिची आवड, तिच्या हातचे कसब लिहावे. तेवढ्याने कोणाचे स्थळ अडणार असेल, तर ते अडलेलेच बरे.