माळावरचीं अंडीं

एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, चिमणी वर्षांतून दोनतीन वेळां पिलें काढते; मग माळढोकानेंच असें काय पाप केलें कीं, त्याचा वंश बुडावा? प्रश्न मार्मिक आहे; पण उत्तरापूर्वीं मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मोडनिंबजवळच्या मुरमाड माळावर टिटवीचीं चार अंडीं मला दिसलीं. घरटें कसलें, खड्यांनीं वेढलेला एक खळगा! मातकट रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं अंडीं निमुळतीं टोंकें आंत करून मांडलेलीं. वर्गांत नुकतीच पंचतंत्रांतील टिट्टिभाची कथा झाली होती. समुद्राशीं वैर मांडणाऱ्या त्या पक्ष्याचें प्रत्यक्ष दर्शन घडवावें म्हणून मीं सतत चार दिवस, भर दुपारीं, मुलांना तेथें नेलें. जोडपें डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करीत होतें आणि मी खालीं उभा राहून व्युत्पत्ति सांगत होतों! पांचव्या दिवशीं खळगा रिकामा होता. कावळ्यानें नेलीं कीं मुंगसानें, कोण जाणे. वाट मात्र आमच्याच पावलांनीं मळली होती.

पुढें वाचनांत आलें तेव्हां अपराधाचें मोजमाप कळलें. ग्रीष्मांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठीं जितकी, तितकीच सावली धरण्यासाठीं. नर-मादी पाळीपाळीनें बसतात, पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येतात आणि तो ओलावा अंड्यांस देतात. आपण जवळ उभे राहिलों कीं तेवढा वेळ अंडीं उन्हांत तापतात. तरीही टिटवी टिकून आहे. कारण चार अंडीं, राखणीस दोघें, आणि एक वीण फुकट गेली तर दुसरीस पुष्कळदां अवधि असतो.

माळढोकाचा हिशेब निराळा. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, मादीस बोलावतो. पुढच्या संसारांत त्याचा कांहीं वांटा नाहीं. मादी बहुधा एकच अंडें उघड्या जमिनीवर घालते आणि सुमारें २७ दिवस एकटीच उबवते. ती चरावयास उठली कीं अंडें कुत्र्या-कोल्ह्यांच्या, गुरांच्या खुरांच्या स्वाधीन. पिलूंही कित्येक महिने आईबरोबरच हिंडतें. अशा पक्ष्याचा वंश पिलांच्या संख्येवर नव्हे, मोठ्यांच्या दीर्घायुष्यावर चालतो. समोरचें त्यास नीट दिसत नाहीं. विजेच्या तारेवर आपटून एक मादी मेली कीं तिच्या पुढच्या साऱ्या विणी तिच्याबरोबर गेल्या.

१९७९ मध्यें सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालें. विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर! गांवें, शेतें, पेठा सर्व त्यांत आलें. लोक चिडले यांत नवल नाहीं. पुढें तें पुष्कळच कमी केलें. मधल्या काळांत उजनीचें पाणी आलें, गवताच्या नि ज्वारीच्या जागीं ऊस उभा राहिला. उसांत माळढोक अंडें घालीत नाहीं. माझ्याही घरांत उसाचे पैसे आले आहेत. दोष कोणास देऊं? नान्नजला आतां त्याचें दर्शन फारच दुर्मिळ.

राजस्थानांत जेसलमेरकडे २०१९ पासून माळावरचीं अंडीं उचलून यंत्रांत उबवितात. ऑक्टोबर २०२४ मध्यें कृत्रिम रेतनानेंही एक पिलूं जन्मलें. एका अंड्यासाठीं माणसें रात्रंदिवस जागतात, हें वाचून मला माझे ते चार दिवस आठवले.

यंदा आमच्या बांधापलीकडे टिटवी बसली आहे. नातू रोज दुर्बीण घेऊन येतो. मीं त्यास बाभळीपर्यंतची हद्द घालून दिली आहे, आणि मीही तेथेंच थांबतों.