हिरवा दिवा कोणाच्या सहीने?

रेल्वेचा सिग्नल आणि चौकातला सिग्नल यांचे काम तत्त्वतः एकच आहे. एकाला थांबवून दुसऱ्याला निर्धोकपणे वाट मोकळी करून देणे, हे ते काम होय. परंतु हे दोन सिग्नल ज्यांच्या हाती सोपविले जातात, त्यांच्या तयारीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. भारतीय रेल्वेने आपल्या सिग्नल खात्यातील अभियंत्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सिकंदराबाद येथे १९५७ साली स्वतंत्र संस्था स्थापन केली. उलट, शहरातील चौकात हिरवा दिवा किती सेकंद राहावा आणि पिवळा किती, हे ठरविणाऱ्याने काय शिकलेले असावे, याविषयी कायदा मूक आहे. ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्या देशाला हे मौन परवडणारे नाही.

सेकंद ठरविण्यात एवढे काय शास्त्र आहे, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. एक साधे गणित पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. पिवळा दिवा दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर नेहमीच्या रीतीने ब्रेक लावून थांबण्यास त्याला एकूण सुमारे ४६ मीटर लागतात. आता पिवळा दिवा दोनच सेकंद ठेवला, तर त्या अवधीत वाहन २८ मीटर पुढे जाते. म्हणजे थांबरेषेपासून २८ ते ४६ मीटरांच्या पट्ट्यात जो चालक सापडेल, त्याला धड थांबताही येत नाही आणि तांबडा लागण्यापूर्वी रेषा ओलांडताही येत नाही. नियम मोडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही आणि दंड मात्र त्याच्याच माथी बसतो.

पादचाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास २० सेकंद पुरतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणारी वृद्ध स्त्री त्या २० सेकंदांत १६ मीटरच जाते. उरलेले आठ मीटर तिने सुटलेल्या वाहनांच्या गर्दीतून कसे काटावेत, याचे उत्तर दिव्याच्या खांबापाशी नसते. ते उत्तर सेकंद ठरविणाऱ्याच्या कागदावर असावयास हवे होते.

या विषयाचे ज्ञान दुर्मीळ आहे असेही नाही. ब्रिटनमधील वेब्स्टर या संशोधकाने सिग्नलच्या वेळा शास्त्रीय पद्धतीने काढण्याची रीत १९५८ सालीच मांडली. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ साली सिग्नलची रचना व उभारणी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पवईची आयआयटी व नागपूरचे व्हीएनआयटी येथे वाहतूक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. उणीव आहे ती हे ज्ञान आणि चौकातील खांब यांना जोडणाऱ्या दुव्याची. बहुतेक शहरांत सिग्नल उभारणे महापालिकेकडे, चालविणे वाहतूक पोलिसांकडे आणि दुरुस्ती कंत्राटदाराकडे असते. तिघांच्या या संसारात वेळापत्रकाखाली सही कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. वकिलाला १९६१ च्या आणि वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. घरात विजेची जोडणी करणाऱ्या वायरमनलाही परवाना लागतो. हजारो जिवांची ये-जा ज्याच्या आकडेमोडीवर चालते, तोच तेवढा या बंधनातून मोकळा आहे.

अमेरिकेत १९९९ पासून वाहतूक संचालनातील अभियंत्यांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र दिले जाते. त्यासाठी अभियंत्याचा मूळ परवाना, काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि लेखी परीक्षा या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय ठराविक मुदतीनंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. सिग्नलची पेटी उघडून दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठीही तेथे पायरीपायरीने वर नेणारी निराळी प्रमाणपत्रे आहेत.

तथापि प्रमाणपत्र हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही त्याच देशाने दाखवून दिले आहे. ओरेगन राज्यातील बीव्हरटन येथे २०१३ साली एका महिलेला तांबडा दिवा ओलांडल्याबद्दल दंड झाला. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या तिच्या पतीने पिवळ्या दिव्याचे सूत्र तपासले, तेव्हा वळणासाठी वेग कमी करणाऱ्या वाहनाचा त्यात विचारच झालेला नाही, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने हे जाहीरपणे मांडताच राज्याच्या अभियंता मंडळाने परवान्यावाचून अभियांत्रिकी केल्याचा ठपका ठेवून त्याला ५०० डॉलर दंड केला. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेनेच त्याची दुरुस्ती आपल्या मार्गदर्शिकेत स्वीकारली. परवाना हा जबाबदारीचा दाखला असावा. नागरिकांचे तोंड बंद करण्याचे साधन तो होऊ नये, हाच या प्रकरणाचा धडा आहे.

नव्या प्रमाणपत्राने नवी शुल्के, नवे क्लास आणि नवे दलाल तेवढे निर्माण होतील, हा आक्षेपही उडवून लावण्याजोगा नाही. म्हणूनच परीक्षेचा भर पाठांतरावर न ठेवता चौकात उभे राहून वाहने व पादचारी मोजण्यावर, वेळा काढण्यावर आणि त्या पुन्हा पडताळण्यावर असावा. लहान नगरपालिकांना स्वतंत्र अभियंता परवडणार नाही. तेथे जिल्ह्यासाठी एक पात्र अधिकारी नेमता येईल. निविदा काढताना कंत्राटदाराची उलाढाल विचारतात, त्याबरोबर त्याच्या प्रमाणित माणसांची नावेही विचारावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक सिग्नलचे वेळापत्रक ते ठरविणाऱ्याच्या नावासह व सहीसह नागरिकांना पाहावयास खुले असावे. गणिताच्या शिक्षकाने किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यातील चूक दाखविली, तर लेखी उत्तर देणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल करणाऱ्यास, त्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास, एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ती योग्यच आहे. पण दंड हा अपघातानंतरचा उपाय होय आणि पात्रता ही अपघातापूर्वीची. वाहन चालविणाऱ्याजवळ परवाना आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार शासनाला आहे. त्याला थांबविणाऱ्या दिव्यामागे कोणाचे ज्ञान उभे आहे, हे विचारण्याचा तितकाच अधिकार नागरिकांनाही आहे. त्या प्रश्नाचे उत्तर जोवर एका नावाच्या आणि एका सहीच्या रूपाने मिळत नाही, तोवर चौकातील शिस्त पादचाऱ्याच्या आणि चालकाच्या नशिबावरच सोडलेली राहील.